बबनचे दगड

दीड महिन्यापूर्वी चिखलीच्या चौकात मी कंपनीच्या बसची वाट पाहत उभा होतो, तेव्हा बबनच्या घरून शकूवहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे गेलं.” मी वैतागून म्हणालो, “परत समुद्रावर? सांगून तरी जायचं!” त्या म्हणाल्या, “न्हाई ओ. सकाळी छातीत कळ आली...” जिवलग मित्राच्या मरणाची बातमी ऐकून मी आधी त्याच्यावर चिडलो होतो. बबनला हे कळलं असतं, तर तो शिफ्ट संपेपर्यंत हसला असता.

बबन चाकणजवळच्या शेतकरी घरातला, मी पिंपरीच्या कामगार वस्तीतला. बावीस वर्षं आम्ही एकाच कंपनीत तयार पार्टमधली खोट शोधत होतो. बबन ती घरच्या भाकरीतही शोधायचा. पन्नाशीपर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता. मग डिपार्टमेंटची सहल कोकणात गेली. ज्याच्या घरी उतरलो त्यानं फोनवर ‘समुद्र दोन मिनिटांवर’ सांगितलं होतं, ते खरंच होतं. वाळू मात्र औषधालाही नव्हती. नुसता काळा, खडबडीत कातळ. सगळ्यांनी घरमालकाचा उद्धार केला आणि पत्ते काढले. बबन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरला.

जेवणाच्या वेळी मी त्याला शोधायला गेलो, तर हा एका डबक्याशी पालथा पडलेला. ओहोटीनं मागे ठेवलेलं ते पाणी काचेसारखं नितळ होतं. तळाशी जांभळं शेवाळ, कडेला बोट लावताच मिटणारं समुद्रफूल, आणि मधोमध एक इवलासा खेकडा जुन्या शंखातून निघून शेजारच्या रिकाम्या शंखात शिरत होता. “मिलिंदा, बघ राव,” बबन कुजबुजला, “घरमालकाला न विचारता खोली बदलली गड्यानं!” पुढे लाटांनी गोटे फिरवून फिरवून कातळात एक गोल खड्डा कोरला होता. त्यात त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. “आपल्या मशीनवर असला गोल बसत न्हाई. हितं ऑपरेटर कोण हाय?”

या पाहणीत भरती कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी. कातळाला चिकटलेली कालवं काढून निघालेली एक म्हातारी लांबूनच ओरडली, “भरती कळत नाय, तर खडपात येतास कशाला रे?” तिनं आम्हाला वळसा घालून त्या खडपातून, म्हणजे कातळातून, बाहेर काढलं. खोट काढण्यात हयात गेलेला बबन तिच्या टोपलीची कड धरून, “व्हय आक्का, चुकलं आक्का,” म्हणत लेकरासारखा चालत होता. माझी एक चप्पल समुद्राला गेली. ती शोधायला निघालो, तर आक्कांनी मला वेगळ्या शिव्या दिल्या.

त्यानंतर बबननं भरती-ओहोटीच्या वेळा शिकून घेतल्या आणि संधी मिळेल तेव्हा, कधी मला घेऊन, कधी एकटाच, तो तिकडे पळायचा. दर वेळी वहिनींना म्हणायचा, “चल की.” वहिनी म्हणायच्या, “दगडं बघायला एवढ्या लांब? आपल्या रानात कमी हायेत व्हय?” निवृत्तीनंतर त्यांना न्यायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते...

गेल्या आठवड्यात वहिनींचा पुन्हा फोन आला. “भाऊजी, मला ती दगडं दाखवा.” माझी बायको, वहिनी आणि मी गेलो. नशिबानं ओहोटीच होती. वहिनी नऊवारीचा ओचा खोचून माझ्या पुढे उतरल्या आणि डबक्याशी बसल्या त्या बसल्याच. पाण्याचा रंग बदलला, ऊन सरकलं. डोळे पुसून त्या एकदम कडाडल्या, “एवढं हाय व्हय हितं! आन् हा मानूस वर्सानुवर्सं नुसतं ‘दगडं, दगडं’ करत बसला. जरा नीट सांगायला काय झालं व्हतं?” मला हसू आलं आणि बायकोनं माझा दंड दाबला.

पाणी चढू लागलं तसं त्यांना हात देऊन वर आणलं. त्या मागे वळून बुडणारा कातळ पाहत होत्या.

“भाऊजी, उद्याची ओहोटी किती वाजता?”

मला सांगता येईना. इतकी वर्षं ते बबनच सांगायचा.