बिनतारखेचा राजीनामा

आमच्या पक्षाच्या शहरातल्या सर्वांत जुन्या पुढाऱ्याने मला फसवलं. महापौरपदाचा शब्द देऊन फसवलं, आणि तेही माझ्याच हाताने लिहिलेल्या कागदावर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. अजूनही म्हणतो, शिवी द्यायची असली तरी आधी काकाच म्हणतो.

मी चांदवडकडचा. नव्वदच्या सुमारास नाशिकच्या कोर्टात आलो तेव्हा अंगावरचा काळा कोट दुसऱ्याचा होता आणि बसायला टेबल नव्हतं. बाहेरच्या चहावाल्याच्या बाकावर अशील गाठायचो. एकदा महापालिकेच्या गाडीने भाजीवाल्यांच्या पाट्या उचलून नेल्या. चार बायका माझ्याकडे आल्या. त्यांतली थोरली म्हणाली, "वकीलभाऊ, फी द्यायला काय नाय. मेथी हाय."

"मेथीवर हायकोर्टापर्यंत जाईन," मी म्हणालो, "पण ताजी पाहिजे."

मनाई हुकूम आणला. पुढे त्याच बायकांनी मला नगरसेवक केलं, एकदा नाही, दोनदा. त्यात काकांचा काडीचा हात नव्हता, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या खेपेला आमचं बहुमत आलं. महापौरपदाला दोघे तयार होते, मी आणि आमच्यातलाच एक बिल्डर. अडीच वर्षांचं पद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायचं, ही आमच्याकडची रीतच. बिल्डरला पहिली पाळी हवी होती. मी म्हटलं, घे, पण महापौरपदाचा राजीनामा आजच लिहून काकांच्या कपाटात ठेव. तारीख कोरी. सव्वा वर्ष झालं की काका तारीख टाकतील.

काका हसले. "मग तुझाही दे, वकील. नगरसेवकपदाचा. मधेच तू फुटलास तर मी काय करू?"

घासाघीस मी आयुष्यभर केली, पण त्या दिवशी महापौराची खुर्ची डोळ्यांसमोर होती. दोन्ही राजीनामे मीच लिहिले. एकही पळवाट ठेवली नाही. घरी येऊन बायकोला फुशारकीने सांगितलं.

"अशिलांवर रोज ओरडता ना, कोऱ्या जागेवर सही करू नका म्हणून?" ती म्हणाली. "मग हे काय?"

"राजकारणात चालतं."

"तिकडे कायदा वेगळा असतो का?"

मी ताटावरून उठलो. तिचं बरोबर होतं. हे तिला मी नंतर एकदाच सांगितलं, तेही पुटपुटत.

सव्वा वर्ष सरलं. मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, "कपाट उघडा."

"उघडतो की. घाई काय आहे?"

आठवड्याने कपाट उघडलं, पण बाहेर आला तो माझा कागद. त्यावर तारीख पडली आणि तो महापालिकेत पोहोचला. मला कळलं ते एका पत्रकाराच्या फोनवरून. "राजीनाम्याचं कारण काय, साहेब?" त्याने विचारलं. मी तसाच काकांच्या बैठकीत घुसलो आणि टेबलावरचा पेला आपटून फोडला. काका जागचे हलले नाहीत.

"मसुदा तुझाच आहे, वकील. चूक असेल तर काढून दाखव."

मला चूक काढता आली नाही.

कोर्टात का गेला नाहीस, असं लोक विचारतात. गेलो असतो तर शपथेवर सांगावं लागलं असतं की हा कागद माझा, आणि कपाटातला दुसराही मीच लिहिलेला. मी मतदारांकडे गेलो. पोटनिवडणुकीला अपक्ष उभा राहिलो आणि पक्षाच्या उमेदवाराला पाडून परत सभागृहात आलो. मात्र बिल्डर अडीच वर्षं महापौर राहिला. माझी पाळी गेली ती गेलीच.

त्या राजीनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. मजकूर माझा, सही माझी, तारखेचे आकडे परक्या हाताचे. त्या तारखेला मी नाशकात नव्हतोच. सुरगाण्याला एका अशिलाच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकत होतो; फोटो आहे.

काका, तुम्ही अजून धडधाकट आहात, रोज सकाळी फिरायला जाता. एक दिवस वाट वाकडी करा आणि भाजीबाजारात या. ज्या बायकांचा नगरसेवक तुम्ही परस्पर काढलात, त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा, ती तारीख कोणाच्या हाताने टाकली? आणि कपाटातला दुसरा कागद कुठे आहे? उत्तर द्या.