आकारामची शपथ आणि रमचा रस्सा

आकाराम स्वतःला आचारी म्हणवून घ्यायचा, पण शिवाजी पेठेत त्याची ख्याती पिणारा म्हणूनच होती. तीस वर्षं त्याने ती निष्ठेने सांभाळली. शेवटी त्याची बायको शालूबाई बॅग भरून उचगावला भावाकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आषाढापतोर कोरडं ऱ्हावा, मग येतो. न्हायतर मला इसरा."

दोनशे माणसांचं मटण रांधणाऱ्या या गड्याला एकट्यापुरता भात धड जमेना. रिकामं घर खायला उठायचं. बायको त्याला परत हवी होती, अगदी मनापासून हवी होती. म्हणून जोतिबाच्या डोंगरावर जाऊन त्याने गुलाल उचलून शपथ घेतली, "पुन्यांदा दारूच्या पेल्याला हात लावणार न्हाय." देवाने शपथेचा अर्थ ऐकला असेल; आकारामने फक्त शब्द लक्षात ठेवले.

दर रविवारी तालमीच्या मागे पंधरा जणांचं रस्सा मंडळ जमायचं. शपथेनंतरच्या पहिल्या रविवारी त्याने तांबड्या रश्शात अर्धी बाटली रम ओतली. चव येते म्हणाला. चौथ्या रविवारी तीन खंबे, म्हणजे तीन अख्ख्या बाटल्या गेल्या, आणि त्याही हंडा चुलीवरून उतरवल्यावर. वर घट्ट झाकण, वास जाऊ नये म्हणून! मग मीठ बघायला एक वाटी, तिखट बघायला दुसरी. घरून बंदी असलेले सगळे सभासद साळसूद चेहऱ्याने रस्सा ओरपायचे. मटण तसंच उरायचं.

त्याची लेक राजनंदिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं, "बाबा, अर्धा तास उकळली तरी तिसरा हिस्सा मागं राहतो. तुम्ही तर उतरल्यावर घालता. जवळजवळ सगळीच राहते की!"

"तुझं ते पुस्तकातलं," आकाराम म्हणाला. "चुलीम्होरं दारू टिकत न्हाय. उडून जाती."

आषाढातल्या एका रविवारी दुपारी शालूबाई बॅग घेऊन थेट तालमीमागे आली. आकारामने पेठेभर सांगितलं होतं, की चार महिने पेल्याला शिवलो नाही. सभासदांनी एकमुखाने साक्ष दिली; त्यातले दोघे भिंतीला धरून उभे होते. शालूबाईचे डोळे भरून आले. आकारामचेही भरले, कारण सकाळपासून त्याने सात वेळा मीठ बघितलं होतं. आनंदाच्या भरात त्याने स्वतःच्या हाताने वाटी भरून तिच्यापुढे धरली.

दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेली बाई ती. दोन घोटांत तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नीट बघितलं.

"ह्यात काय घातलंयसा?"

"रम हाय थोडी. पर शिजल्याव ऱ्हाती व्हय? उडाली ती. शपथ मोडलेली न्हाय गं, पेल्याला हात लावला न्हाय."

मंडळातल्या कुणाला हसू आवरेना. शालूबाई हसली नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि बॅग उचलली.

"तीस वरसं तुमच्या तोंडाचा वास घेत झोपलोय मी," ती म्हणाली. "मला शिकवू नगासा."