हातमोज्याची करंगळी

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे घासूकाका म्हणायचे. बावीस वर्षं एकच काम: काचेच्या बंद पेटीला जोडलेल्या लांब रबरी हातमोज्यांत हात घालून मॅग्नेशियमचा पत्रा घासायचा. या धातूला हवा लागली रे लागली की त्यावर साय धरते, मग बॅटरी नीट चार्जच होत नाही. म्हणून पेटीत हवा नाही, नुसता आर्गॉन वायू. काकांनी घासलेल्या पत्र्याची बॅटरी शेकडो वेळा चार्ज व्हायची. मी घासलेल्याची दहाव्या वेळेलाच मान टाकायची.

काकू गेल्या आणि काकांचं बोलणं आटलं. आधीही ते बडबडे नव्हते, पण डबा खाताना माझी फिरकी तरी घ्यायचे. आता डबाच आणेनात. घरी कोणी नाही, म्हणून सगळे गेल्यावरही चकचकीत चिमटे पुन्हा पुसत बसायचे. मला ते दिसत होतं. मी काही विचारलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

काकू गेल्यानंतरच्या चार महिन्यांत आमच्या बॅटऱ्या पटापट मरायला लागल्या. पत्र्यावर साय धरू नये म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आठ वर्षं खपून एक पातळ लेप शोधला होता. खापर त्या लेपावर फुटलं.

"लेप चालत नाही, असं शुक्रवारी वर कळवते. काम बंद," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

गुरुवारी काकांनी मला हाक मारली. आतल्या दाबाने बाहेर फुगून आलेल्या उजव्या हातमोज्यावर त्यांनी साबणाचं पाणी फासलं होतं. करंगळीच्या मुळाशी बारीक बुडबुडे येत होते; तिथे भोक पडलं होतं आणि हात बाहेर ओढला की तिथूनच हवा आत शिरत होती. मग त्यांनी स्वतःची करंगळी पुढे केली. तिच्यात काकूंची अंगठी होती, खड्याची एक कडा वर आलेली.

"अंगठी काढल्याशिवाय मोज्यात हात घालायचा नाही, हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"काढवत नाही रे ती. दिवसभर या पेटीपाशी एकटा उभा असतो मी."

मी घाईघाईने म्हणालो, "मोजा बदलू, काका. कोणाला कळायचं नाही."

"आणि मॅडमचा लेप?"

ते स्वतःच आत जाऊन सगळं सांगून आले. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता ती ठेवाल कुठे?"

साबण लावून अंगठी निघाली. नव्या मोज्यातून घासलेल्या, त्याच लेपाच्या पत्र्याची बॅटरी काल चारशेव्यांदा चार्ज झाली. मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले. काकांनी आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

अंगठी दिवसभर माझ्या खणात असते. सहाला मी ती परत देतो, काका ती घालतात आणि घरी जातात. पण काम चालू असताना मधेच त्यांचा हात थांबतो. काचेतून मला दिसतं, मोज्यातला त्यांचा अंगठा करंगळीचं मूळ चाचपत असतो.