शुद्ध केलेली मुलाखत

धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर स्त्रियांच्या इतिहासाचं ग्रंथालय आहे. तिथे मी दोन वर्षं नोकरी केली. बायांच्या मुलाखती रेकॉर्ड व्हायच्या, त्या ऐकून टाइप करायचं माझं काम. 'आवाज नसलेल्यांचा आवाज' हे शब्द आमच्या संचालिका चहा मागावा तितक्या सहज उच्चारत. दुसऱ्याचा आवाज सलग पाच मिनिटं ऐकताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

उमरेडच्या एका म्हाताऱ्या विणकर बाईंची मुलाखत मी उतरवली. त्या म्हणाल्या होत्या, "सुताच्या कांड्या भरू भरू बोटायचे सालटे निंगाले, पण विणकर म्हणत थे माह्या नवऱ्याले. मले काहून नाई?"

संचालिकांनी नाक मुरडलं. "हे असं लावायचं प्रदर्शनाच्या भिंतीवर? बाहेरगावचे अभ्यासक येतात. शुद्ध करा."

मी केलं. घरी मले-तुले बोलणारी मी, तरी केलं. 'वस्त्रनिर्मितीतील माझे योगदान दुर्लक्षित राहिले.' ऱ्हस्व-दीर्घसुद्धा दोनदा तपासलं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बाईंना गाडी पाठवून आणलं, शाल दिली. फलकावर त्यांचा फोटो होता, खाली नाव आणि ते वाक्य. बोट ठेवत ठेवत त्यांनी वाचलं.

"हे कोन बोललं वं?"

"तुम्हीच, मावशी."

"मी? योगदान?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी जे म्हटलं थे लिहा, नाईतर माह्यं नाव काढा."

संचालिका पाहुण्यांकडे बघून हसल्या. "किती निरागस असतात ना या बायका!"

मावशींनी शाल खुर्चीवर ठेवली आणि न जेवता निघाल्या. गाडी आता पाहुण्यांच्या दिमतीला होती. मी त्यांना ऑटोनं बसस्टँडवर सोडलं.

सोमवारी फलक बदलला. वाक्य तेच ठेवलं, नाव तेवढं काढलं. तिथे आता 'एक अज्ञात विणकर स्त्री' असं लिहायचं होतं. बायकांना इतिहासात जागा मिळवून देणाऱ्या संस्थेनं एका जिवंत बाईला, पत्ता ठाऊक असताना, अज्ञात करून टाकलं. तेही टाइप मीच केलं आणि पुढे आठ महिने तिथेच राहिले.