चंद्र डोंगराआड होता

आमच्या लालबागच्या सोसायटीत नेपाळच्या शिबिराची गोष्ट आजही चुकीची सांगितली जाते. परळच्या एका मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेला मी, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या एका डोंगरी गावात गेलो; एक मुलगी आजारी पडली, तरी मी सगळ्यांना सुखरूप परत आणलं. आजारी कुणीतरी पडलं, हे खरं. पण ते मी.

त्या दिवशी संकष्टी होती. शाळेच्या वर्गात आमचा दवाखाना चालला होता. नेपाळीतही ‘दुख्छ’ म्हणतात, त्यामुळे आमची मुलं हिंदी सोडून सरळ ‘कुठे दुखतं?’ विचारायची आणि म्हाताऱ्या बायका बरोबर जागा दाखवायच्या. मधुमेहाच्या रुग्णांना मी बजावत होतो, उपास करू नका. स्वतः मात्र मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी होतो. चंद्र पाहिल्याशिवाय उपास सोडायचा नाही, ही आईची शिकवण. कॅलेंडरातली मुंबईची वेळ टळून गेली, पण समोर उभा डोंगर. चंद्र काही दिसेना.

अंगणात माझ्याशेजारी वरळीची एक विद्यार्थिनी बसली होती. माझे हात थरथरताना तिने पाहिले.

“सर, प्लीज, काहीतरी खाऊन घ्या.”

“चंद्र येऊ दे.”

“तो येईल हो. तोवर तुम्ही टिकायला हवं ना!”

पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईनची सुई होती. ग्लुकोज तिनेच दिलं होतं. “आला बघा चंद्र,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

माझ्यामुळे शिबिर लवकर गुंडाळावं लागलं. विमानतळावर पालकांनी कारण विचारलं. माझ्याकडे एकदा बघून तीच म्हणाली, “मला बरं नव्हतं.” मी गप्प राहिलो. सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं, तेही घेतलं.

यंदा तीच मुलं, आता इंटर्न झालेली, पुन्हा निघाली, तेव्हा तिचा फोन आला. “पप्पा नाही म्हणतात. मागच्या वेळी आजारी पडलीस, आता नको. असू दे सर.” माझ्याकडे तिने काहीच मागितलं नाही.

त्याच संध्याकाळी ती शाल घेऊन मी तिच्या घरी गेलो. बीडीडी चाळीतली खोली जाऊन त्यांना आता टॉवरमध्ये घर मिळालंय. पाण्याचा ग्लास हातात यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

वडील लेकीकडे वळले. “खोटं कशाला बोललीस गं?”

“पप्पा, सरांचा चेहरा बघितला असता तर तुम्हीपण बोलला असतात.”

ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला खीर असते. चंद्र दिसो न दिसो, आम्ही खातो. तुम्ही एवढे शिकलेले...” आणि ते हसायला लागले. मग म्हणाले, “जाऊ दे तिला. पण बरोबर तुम्ही नाही ना?”

“नाही, नाही.”

“मग हरकत नाही.”

आज मी आहे तो तिच्यामुळे, हे त्या दिवशी तिच्या आईवडिलांसमोर म्हणता आलं. फार हलकं वाटलं. शाल मी तिच्यापुढे धरली. “ही तुझी.”

तिने ती चाचपून पाहिली. “ऊबदार आहे, तिकडे लागेल. आणि नारळ?”

“तो आम्ही खाल्ला,” मी म्हणालो.