काकूंच्या कानातला कापूस

काकू पंप चालवायच्या. ओल्या जमिनीत पाया घालायचा म्हटलं की आधी त्यांचा पंप यायचा आणि मागोमाग मिस्त्री, म्हणजे त्यांचे यजमान. खड्डा मिस्त्रींचा, त्यातलं पाणी काकूंचं, अशी लग्नापासूनची वाटणी. घरातही फारसं वेगळं नव्हतं. मिस्त्री शब्दाने खोदत जायचे, काकू उपसत जायच्या.

पंपाचा गोंगाट डोकं उठवणारा. म्हणून काकू रोज सकाळी रुमाल बांधण्याआधी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायच्या. मिस्त्री हसायचे. काँक्रीट कानांनी ओतायचं असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. ओल्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटरची थरथरती नळी बुडवली की त्याचा आवाज दबतो. आतली हवा निघून गेली की तोच आवाज पुन्हा एका सुरात लागतो. सूर लागला की व्हायब्रेटर हळूच वर काढायचा आणि पुढे सरकायचं. घाई केली तर आत पोकळी राहते. मिस्त्रींचा अंदाज कधी चुकला नाही. पण उभा जन्म त्या घरघरीत उघड्या कानांनी काढला, आणि शेवटी कानच गेले.

हे फक्त काकूंना ठाऊक होतं आणि नातीला. आजोबांना हळू आवाजात काहीही विचारलं तरी ते "हो, हो" म्हणतात, हे नातीने बरोबर हेरलं होतं. घरात मांजर आलं ते असंच. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून काकूंनी कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"माझे कान शाबूत आहेत," मिस्त्री म्हणायचे. "तूच हल्ली पुटपुटतेस."

अशात रेडिओच्या मनोऱ्याचं काम आलं आणि काकू धास्तावल्या. मनोरा उंच, जमीन चिखलाची. पायाच्या काँक्रीटमध्ये पोकळी राहिली तर वादळात काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. साइटच्या साहेबांना सांगावं तर नवऱ्याची अब्रू जाते, न सांगावं तर मनोरा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत त्या गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याची त्यांना स्वतःलाच चीड येत होती.

काँक्रीट ओतायचा दिवस उजाडला. फळ्या ठोकून पायाचा साचा उभा होता. साच्याबाहेर पाणी साठायला एक खोलगट जागा केली होती, काकूंचा पाइप तिथे. गाडीतून काँक्रीट उतरायला लागलं. मिस्त्री गुडघ्यापर्यंतच्या बुटांत आत उभे राहून व्हायब्रेटर फिरवत होते. पूर्वी हे करताना ते कुठेही बघायचे, कधी आभाळाकडे, कधी काकूंकडे. आज त्यांची नजर खालच्या बुडबुड्यांवरून हलत नव्हती. काकूंना ते बघवेना.

तेवढ्यात पंपातून येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला. मातकट होतं ते दुधाळ, करडं व्हायला लागलं. फळीखालून सिमेंट धुऊन निघत होतं, आणि ते ओढत होता काकूंचाच पंप.

"अहो! अहो, थांबा!"

कोण ऐकतंय? मिस्त्रींनी व्हायब्रेटर एका मजुराकडे दिला होता आणि ते गाडीवाल्याला हातवारे करत होते. काकूंनी पंप बंद केला. शेजारचं व्हायब्रेटरचं इंजिनही बंद केलं. काहीतरी बिघडलंय हे बघून गाडीवाल्यानेही किल्ली फिरवली. सगळं शांत झालं, पलीकडच्या डबक्यातला बेडूकसुद्धा ऐकू यायला लागला.

"इकडे घे! अजून इकडे!" त्या शांततेत मिस्त्री जिवाच्या आकांताने ओरडत होते. "अरे, ऐकू येत नाही का तुला?"

कोणी हललं नाही. मजूर, गाडीवाला, साहेब, सगळे त्यांच्याकडे बघत होते. मिस्त्रींनी पंपाकडे पाहिलं. पाइपातून पाणी येत नव्हतं. त्यांचा वर गेलेला हात सावकाश खाली आला.

काकू घाईने पुढे झाल्या. "साहेब, मिस्त्रींनीच खूण केली होती, पंप बंद कर म्हणून. फळीखालून सिमेंट जातंय, हे बघा."

बायको काय बोलली ते मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. पण ती आपली बाजू सावरायला निघते तेव्हा कशी उभी राहते, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कानांशिवायही कळत होतं. ते खड्ड्यातून वर आले.

"ही काय सांगतेय मला माहीत नाही, साहेब. मला ऐकूच येत नाही. बरेच दिवस झाले."

साहेबांनी ओल्या काँक्रीटमध्ये सळई खुपसून पाहिली आणि मिस्त्रींना कळेल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "अजून घट्ट झालेलं नाही. पहिल्यापासून पुन्हा व्हायब्रेटर फिरवता येईल. पण ऐकणार कोण?"

काकूंनी डोक्याचा रुमाल सोडला. कानातले दोन्ही बोळे काढले आणि पदराच्या टोकाला बांधले.

मजुरांनी फळीखाली गोणपाट ठासलं. पंप एकाच्या ताब्यात देऊन हळू सोडला. काकू खड्ड्याच्या काठावर हात वर करून उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी व्हायब्रेटर बुडवला. आवाज दबला, घोटाळला, मग एका सुरात लागला. काकूंनी हात खाली केला. मिस्त्रींनी व्हायब्रेटर वर घेतला आणि पुढे सरकले. बुडबुड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाया भरेपर्यंत त्यांची नजर काकूंच्या हातावर होती.

काम आटोपल्यावर काकूंचे कान नुसते वाजत होते. मिस्त्री बूट धुता धुता सगळ्या साइटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, तो कानाचा डॉक्टर कुठे बसतो म्हणाली होतीस?"

काकूंनी हात वर केला आणि खाली सोडला. मिस्त्री उठले आणि निमूटपणे त्यांच्या मागोमाग चालू लागले.