पिशोरच्या नवरीचं कानातलं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू माणसाच्या तोंडाआधी कान बघायच्या. दारात कुणीही बाई येवो, आधी "कान दाखव बरं", मग "ये, बस". तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच.

दुपारची जेवणं आटोपली की त्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच तांब्या-पितळेचे पत्रे कापत बसायच्या. तांब्याचं पान, त्यावर पितळेचा थेंब, आणि कानात अडकवायचा आकडा चांदीचाच. "एकदा कान चिघळला की बाई हौसच सोडती," म्हणायच्या.

पिशोरच्या एका मुलीला लहानपणापासून कुठलंच कानातलं सोसत नव्हतं. काकूंनी तिच्या लग्नासाठी जोड करून दिला, तेव्हा ती आनंदानं रडलीच.

लग्नाच्या दिवशी सकाळी काकू माझ्या दारात उभ्या. हातात चांदीच्या तारेची न फोडलेली पुडी.

"लई घोळ झाला गं. तिच्या आकड्यांना गिलटाची तार लागली. उजळली की दोन्ही सारख्याच दिसतात."

गिलट चांदीसारखं दिसतं, पण नाजूक कान त्यानं हमखास सुजतो. मुलीचा फोन लागेना. मी रजा टाकली आणि आम्ही पिशोरची बस धरली. वाटेत काकू एवढंच बोलल्या, "सगळ्या गावासमोर रडंल पोरगी."

मांडवात कुणी गुलाबपाणी शिंपडायला आलं, त्याला बाजूला सारून काकू थेट नवरीच्या खोलीत. "कान दाखव."

कान मोकळे होते.

"अक्षतांच्या वेळीच घालायचं म्हणून जपून ठेवलंय, काकू," नवरी म्हणाली.

काकूंनी खांद्यावरची पिशवी खाली उतरवली. "माझी चूक झाली, पोरी. आण इकडं."

"एका दिवसानं काय होतंय?" नवरीची आत्या म्हणाली.

"कान तुमचा नाय, बाई." पिशवीतून पक्कड निघाली. बाहेर बँड वाजत होता आणि काकू शांतपणे चांदीची तार वाकवत होत्या. दोन्ही कानांत कानातली त्यांनी स्वतः घातली.

मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, तरी काकूंची नजर त्या कानांवरच. नवरदेव कसा होता, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "लाल झाले नाय," असं मला तीनदा सांगून मगच त्या जेवल्या. मलाही त्या दिवशी किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली. मला त्या आठवतात त्या परतीच्या बसमध्ये. माझ्या खांद्यावर मान टाकून, तोंड उघडं ठेवून, त्या गाढ झोपल्या होत्या. कंडक्टर तिकिटाला आला, तेव्हा मी त्याला खुणेनंच हळू बोलायला सांगितलं.